मी नकाशावर मोकळी दाखवलेली जागा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. या अंकाचे संपादक तीन दिवाळ्या माझ्या मागे आहेत. पहिल्या वर्षी मी गुडघ्याच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं, दुसऱ्या वर्षी लिहिण्यासारखं काही नाही म्हणालो. दुसरं कारण साफ खोटं होतं. लिहिण्यासारखं एकच होतं आणि ते लिहायचं नव्हतं. नोकरीतल्या बाकीच्या गमती मी जळगावातल्या लग्नांच्या पंगतींत इतक्यांदा सांगितल्यात की आमची मंडळी पुढचं वाक्य आधीच बोलून टाकते. ही मात्र तिलाही माहीत नाही. ती हा अंक वाचेल तेव्हा कळेल.

मी नगररचना खात्यात होतो. अनुरेखक म्हणून लागलो, म्हणजे दुसऱ्याच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघा गिरवणारा. रचना सहायक म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत गेली. खातं काय करतं असं कोणी विचारलं की मी सांगायचो, गाव पुढच्या वीस वर्षांत कसं वाढावं हे आम्ही कागदावर काढतो आणि गाव ते न बघता वाढतं.

या कागदाला विकास आराखडा म्हणतात. राहायची वस्ती पिवळ्या रंगात, दुकानं निळ्या, कारखाने जांभळ्या, शेती हिरव्या. शिवाय शाळा, दवाखाना, मैदान, मंडई, स्मशान यांच्यासाठी कोणाच्या तरी जमिनीवर एक चौकट काढायची आणि तिला नंबर द्यायचा. हे आमचं आरक्षण. चौकट पडली की जमीन मालकाचीच राहते, सातबाऱ्यावर नाव त्याचंच राहतं, पण तिथे त्याला खोली बांधता येत नाही, टपरी टाकता येत नाही आणि शहाणा माणूस ती विकत घेत नाही. पालिकेने जमीन ताब्यात घेऊन शाळा बांधायची असते. पालिकेकडे ताब्यात घ्यायला कधीच काही नसतं. त्यामुळे शाळाही होत नाही आणि मालकाचं घरही होत नाही. वीस वर्षं त्या चौकटीत बाभळी वाढतात. आमच्या दोन जिल्ह्यांत मी स्वतःच्या हाताने अशा किती बाभळी लावल्या असतील, मोजलेलं नाही.

आराखडा पक्का करण्याआधी लोकांच्या हरकती मागवतात आणि सुनावणी घेतात. पालिकेच्या सभागृहात समिती बसते आणि कोपऱ्यात नकाशांची गुंडाळी घेऊन माझ्यासारखा एक जण. तिथे मी माणसाचं जे रूप पाहिलं ते दुसरीकडे कुठे दिसलं नाही. पाचोऱ्याकडचे एक गृहस्थ दर सुनावणीला यायचे. त्यांच्या जमिनीवर काहीच आरक्षण नव्हतं. त्यांची मागणी एकच असायची: "साहेब, माझ्या भावाच्या प्लॉटवर काहीतरी टाका. सार्वजनिक संडास असला तरी चालेल." एका गावात स्मशानभूमीसाठी शंभरेक लोकांचं शिष्टमंडळ आलं. स्मशान पाहिजेच, फार अडचण होते, पण आमच्या वॉर्डात नको. मग कुठे? साहेबांनी नकाशा पसरला. शिष्टमंडळाच्या पुढाऱ्याने जिथे बोट ठेवलं ते शेजारच्या गावाचं गावठाण होतं. साहेब म्हणाले, "अहो, ही तुमची हद्दच नाही." तो म्हणाला, "म्हणूनच तर म्हणतोय."

असे किस्से पुष्कळ आहेत. ते सांगितले की लोक हसतात आणि पुढचं विचारत नाहीत. म्हणूनच ते इतकी वर्षं सांगत आलो.

आता मूळ गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही. धुळ्याहून जळगावला येताना वाटेत लागणारं एक तालुक्याचं गाव, एवढंच. आराखड्याचं पहिलं काम म्हणजे आज कोणती जागा कशाला वापरली जाते ते गावभर पायी फिरून नकाशावर भरायचं. घर असेल तर पिवळी पेन्सिल, दुकान असेल तर निळी. काहीच नसेल तर जागा कोरी सोडायची आणि वहीत लिहायचं, मोकळी. पुढे आरक्षणं टाकायची वेळ आली की सगळ्यांचे डोळे या कोऱ्या जागांवर जातात. घरं पाडून शाळा बांधायला कोण निघणार? त्यामुळे 'मोकळी' हा शब्द मोजणीवाल्याने जपून लिहायचा असतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. नंतर मी दुसऱ्यांना शिकवलं.

काम लांबलं होतं आणि वरून तगादा होता. साहेबांनी सांगितलं, सुट्टीचे दिवसही धरा. म्हणून मी त्या गावाचा गावठाणामागचा भाग अक्षयतृतीयेच्या दिवशी केला. आमच्याकडे तिला आखाजी म्हणतात. खान्देशात हा दिवस दिवाळीएवढा मोठा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडाझाडांना झोके बांधलेले असतात आणि त्यांवर बसून बायका गाणी म्हणतात. कामधंदा बंद. मी एकटा डोक्याला ओला पंचा गुंडाळून, हातात पाटी-नकाशा घेऊन उन्हातून फिरत होतो आणि सणाच्या दिवशी फिरायला लावणाऱ्या साहेबांना मनातल्या मनात शिव्या देत होतो.

गावठाणामागे एक लांबट पट्टी होती. रुंदीला चाळीसेक फूट, लांबीला तीनशेच्या आसपास. जमीन तुडवून गुळगुळीत झालेली, गवताची काडी नाही, बांधकाम नाही. एका टोकाला दोन जाड लाकडी खुंट, दुसऱ्या टोकाला एक. बाजूला पोत्याखाली काहीतरी झाकलेलं. मी पोतं उचलून पाहिलं नाही. कडेच्या निंबाला मोठा झोका होता आणि चार-पाच बायका त्यावर गात होत्या. परक्या माणसाला पाहून त्या गप्प झाल्या, म्हणून मीही तिथे थांबलो नाही. वहीत लिहिलं: "मोकळी. दोन्ही टोकांस खुंट." आणि पुढे निघालो. गुरं बांधायचे खुंट असतील, इतकाच विचार केला. खरं तर तेवढाही केला नाही.

ती दोर वळायची जागा होती.

ज्यांनी दोर वळताना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका टोकाला फिरवायचा चरक असतो, त्याला आकड्या. वळणारा कमरेला अंबाडीच्या तंतूंचा झुपका बांधतो, त्यातून धागा आकडीला अडकवतो आणि उलट्या पावलांनी मागे मागे चालत जातो. समोर चरक फिरतो, हातातून धागा सुटत जातो. असे तीन पदर झाले की ते एकमेकांत पिळायचे. दोर जेवढा लांब हवा त्याहून जागा जास्त लांब लागते आणि वाटेत काहीही असून चालत नाही. झाड नाही, भिंत नाही, ओटाही नाही. कासरा, दावं, विहिरीचा नाडा, सगळं अशाच पट्टीवर तयार होतं. आखाजीच्या आधी महिनाभर झोक्यांच्या दोरांची घाई असते, पोळ्याच्या आधी बैलांच्या. आखाजीच्या दिवशी मात्र काम बंद, कारण सगळे दोर झाडांना गेलेले असतात. त्या निंबावरचा झोकाही त्याच पट्टीवर वळलेला असणार.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. माझं गाव धरणगावजवळ. घरी बैलजोडी होती. पोळ्याच्या आधी आमच्या आबांबरोबर नवे कासरे आणायला मी जायचो आणि उलटं चालणारी माणसं बघत उभा राहायचो. पण त्या दुपारी माझ्या हातात वही होती आणि वहीत दोर वळायच्या जागेसाठी रंगच नव्हता.

पुढचं कार्यालयात झालं. नियम असा की इतक्या लोकवस्तीला इतकं मैदान. त्या भागात मैदान नव्हतं आणि नकाशावर कोरी जागा शोधताना ती पट्टी सापडली. आमच्या मोठ्या नकाशावर ती काडेपेटीतल्या अर्ध्या काडीएवढी दिसत होती. साहेबांनी चौकट आखली, शेजारी लिहिलं 'क्रीडांगण', मी हिरवा रंग भरला. त्या काडीवर मुलं काय खेळणार, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नाही. तक्त्यात मैदानाचा रकाना भरला, बस्स.

सुनावणीला केसरअक्का आल्या. वय तेव्हा पन्नाशीचं असेल. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. दीर आणि सून यांना हाताशी धरून धंदा त्याच चालवायच्या. हातात पालिकेची नोटीस. नंबर पुकारल्यावर त्या समितीसमोर उभ्या राहिल्या आणि सरळ विचारलं, "साहेब, हाई जागा मोकळी शे, हाई कोनी सांगं?"

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, कागदावर आहे. तिथे बांधकाम आहे का?"

"नही."

"झाडं? विहीर?"

"कडेले एक निंब शे. मजारमा काही नही. तीन खुंट शेतस."

"मग मोकळीच की."

"साहेब, मोकळी ऱ्हास म्हनीसनच तर दोर वळास. मजारमा घर बांधं ते आम्ही चालानं कोठे?"

मधे काही आलं तर आम्ही चालायचं कुठे, एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या सगळ्या नोकरीत जमिनीच्या वापराबद्दल इतकं नेमकं वाक्य कोणा अधिकाऱ्याच्या तोंडून मी ऐकलं नाही. सभागृहात मात्र हशा पिकला. एक नगरसेवक नकाशावर वाकून म्हणाला, "अध्यक्ष महाराज, पण एवढ्याशा पट्टीत खेळणार काय? रस्सीखेच?" आणखी हशा.

अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याले बी दोर लागस भाऊ. तो मी देसू."

आता सभागृह त्या नगरसेवकाला हसलं. पण हशाने निकाल लागत नाही.

त्या उभ्याच होत्या. मी माझी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि तांब्यातलं पाणी दिलं. त्यात काही मोठं नव्हतं. मला उभं राहून नकाशे गुंडाळायचेच होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "भाऊ, लिखी लिधं ना?" त्यांची बोली माझ्या घरची बोली. मी आईशी असाच बोलायचो. तरी मी कचेरीच्या मराठीत उत्तर दिलं: "लिहून घेतलंय बाई. तुमची हरकत नोंदवली आहे." अक्कासुद्धा म्हणालो नाही.

सुनावणी आटोपल्यावर प्रत्येक हरकतीपुढे कार्यालयाचा अभिप्राय लिहायचा असतो. ते काम माझं. मी वही काढली आणि माझंच अक्षर वाचलं: दोन्ही टोकांस खुंट. तेव्हा सगळं डोळ्यांसमोर आलं. गुळगुळीत जमीन, पोत्याखालचा चरक, निंबावरचा झोका. 

साहेबांकडे गेलो. म्हणालो, "त्या दोरवाल्या बाईंची जागा पुन्हा एकदा बघून येतो."

साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. म्हणाले, "आणि बघून आल्यावर काय लिहिणार? पहिल्यांदा बघितलं ते चुकलं?"

"तसंच काहीसं."

"म्हणजे वापराचा नकाशा चुकला. एक चुकला तर सगळेच म्हणतील आमचाही चुकला. मग गाव पुन्हा मोजायचं? आणि खुलासा कोण देणार? तुम्ही की मी?"

खुलासा हा शब्द सरकारी नोकरीत फार जड असतो. माझी जळगावला बदली व्हायची होती, आई आजारी होती. मी परत टेबलावर आलो आणि लिहिलं: "स्थळ पाहणीत जागा मोकळी आढळली. सबब हरकत अमान्य करण्यास हरकत नसावी." सही केली. खुंटांचा उल्लेख केला नाही. गावात जाऊन पाहायला एस.टी.ने एक दुपार पुरली असती.

आराखडा मंजूर झाला. मैदान झालं नाही. होणारच नव्हतं. अक्का त्या पट्टीवर दोर वळत राहिल्या, कारण पालिकेने जागा घेतलीच नव्हती. पण नायलॉनचे दोर आले, अंबाडी पेरणारे कमी झाले आणि धंदा टिकवायचा तर मोटरवर चालणारं यंत्र बसवायला हवं होतं. यंत्राला पत्र्याची शेड हवी. शेडला परवानगी नाही, जागा क्रीडांगणाची. कर्जालाही तोच अडसर. पालिकेत जावं तर म्हणायचे नगररचनाकडे जा. आमच्याकडे आलं की आम्ही म्हणायचो पालिकेकडे जा. मी हे वाक्य दिवसातून दहादा बोलायचो. ते म्हणताना जीभ अडखळायची नाही, इतकी सवय.

दहा वर्षं उलटून गेल्यावर एकदा अक्का जळगावच्या कार्यालयात माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. मला ओळखलं. "खुर्ची देनारा भाऊ ना तू?" मग म्हणाल्या, "आते सांग, ते आरक्षण कव्हय उठी? ना पोऱ्यासले मैदान, ना आम्हले शेड."

इथे मला कायद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आरक्षण टाकून दहा वर्षं झाली आणि पालिकेने जागा घेतली नाही, तर मालक एक नोटीस देऊ शकतो: घ्या नाहीतर सोडा. ठरलेल्या मुदतीत पालिकेने जमीन घेतली नाही तर आरक्षण आपोआप उठतं. बस्स, एक नोटीस. कोऱ्या कागदावर लिहून मालकीचे कागद जोडले की झालं. हे कलम लपवलेलं नाही, पुस्तकात छापलेलं आहे. पण आम्ही ते कोणाला सांगायचो नाही. सांगितलं तर कुजबुज व्हायची की याला काही मिळालं असेल. ज्याच्याकडे वकील आहे त्याला ते माहीत असतं. ज्याला गरज आहे त्याच्याकडे वकील नसतो.

माझं कारण मात्र कुजबुजीचं नव्हतं. अक्कांनी नोटीस दिली असती तर फाईल उघडली गेली असती, हरकतीचा कागद निघाला असता आणि त्यावर माझा अभिप्राय निघाला असता. मी त्यांना म्हणालो, "अर्ज देऊन ठेवा. नवा आराखडा होईल तेव्हा बघू."

"कव्हय व्हई?"

"होईल पाच-सात वर्षांत."

त्यांनी मान हलवली. पिशवीतून सुती दोराचं एक छोटं भेंडोळं काढून टेबलावर ठेवलं. "घर झोका ऱ्हाई तुन्हा. बांध." मी नको नको म्हणालो, पण त्या निघून गेल्या होत्या. तो दोर आजही आमच्या माळ्यावर आहे. कधी बांधला नाही.

दीडेक वर्षाने त्यांनी जागा विकली. आरक्षित जागा कोण घेतं? ज्याला ते कलम माहीत आहे तो. घेणारा बांधकामवाला होता. मिळेल त्या भावात अक्कांनी दिली. खरेदीखताची शाई वाळते न वाळते तोच त्याची नोटीस पालिकेत पोचली, वकिलाकडून छान टाइप केलेली, सगळी जोडपत्रं जागच्या जागी. पालिकेने नेहमीप्रमाणे मुदत जाऊ दिली. आरक्षण उठलं. त्याची प्रत माझ्याच टेबलावर आली आणि नकाशावरचा हिरवा रंग खोडायचं कामही मलाच मिळालं. मी तो रंग ब्लेडने खरवडला. कागद फाटू नये म्हणून हळूहळू, अर्धा तास. इतकं लक्ष देऊन मी त्या पट्टीकडे पहिल्यांदा पाहत होतो.

आता तिथे गाळ्यांची रांग आहे. लांबट जागा गाळ्यांना फार सोयीची. चपलांचं दुकान, मोबाइलचं दुकान, एक झेरॉक्सवाला. मैदान त्या भागात अजूनही नाही. मुलं रस्त्यावर खेळतात आणि दुकानदार त्यांना हाकलतात. निंब राहिला आहे, त्याच्या बुंध्याला जाहिरातींचे फलक ठोकलेले.

मी निवृत्त झालो. निघताना वही कार्यालयात जमा करायची असते. मी केली नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवली. पुरावा नष्टही करायचा नव्हता आणि कोणाच्या हातीही द्यायचा नव्हता. माझ्या सगळ्या नोकरीची रीत तीच.

दोनेक वर्षांपूर्वी अशाच एका गावाच्या नव्या आराखड्यासाठी जुना माणूस म्हणून मला बोलावलं. आता ड्रोनने फोटो काढतात. पुण्याहून आलेली एक हुशार मुलगी लॅपटॉपवर दाखवत होती. नदीकाठचा एक मोठा तुकडा राखाडी दिसत होता. मी विचारलं, "हे काय?"

"रिकामी जागा आहे काका. उद्यानासाठी चांगली आहे."

"कोणत्या दिवशी फोटो घेतला?"

तिने पाहिलं. "रविवारी सकाळी."

"तिथे शनिवारी गुरांचा बाजार भरतो. शनिवारी जा. आणि वरून बघू नको, खाली उतरून कोणाला तरी विचार."

ती म्हणाली, "पण डेटामध्ये तर मोकळीच आहे."

मी एकदम ओरडलो. इतक्या मोठ्याने की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. त्या पोरीचा काय दोष? मी तिची माफी तिथल्या तिथे मागितली, सहज जमली. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की माफी मागायला मला जीभ आहे. मग मी ती कोणासाठी राखून ठेवली आहे?

म्हणून गेल्या आखाजीला मी अक्कांकडे गेलो. वही पिशवीत होती. जळगावहून दीड तासाचा रस्ता. सगळा रस्ता मी वाक्यं जुळवत होतो, आईच्या बोलीत, कारण कचेरीच्या मराठीत ती पुन्हा अभिप्रायासारखी वाटली असती.

अक्का फार थकल्या होत्या. ओट्यावर खाटेवर बसलेल्या, नजर अधू. सुनेने माझं नाव सांगितलं तरी ओळखेनात. मग मी म्हणालो, "अक्का, पालिकामा खुर्ची देनारा." त्यांचा चेहरा खुलला. सुनेला हाक मारून म्हणाल्या, "अव, पुरनपोयी वाढ त्याले. त्या दिनले बठ्ठा हासनात, हाऊ एकलाच नही हासना."

मी जेवलो. दोन पोळ्या खाल्ल्या. भिंतीला एक लाकडी लट्टू टांगलेला होता, तीन खाचांचा. पदर पिळताना ते तीन वेगळे राहावेत म्हणून वापरतात तो. धंद्यातलं तेवढंच उरलेलं.

हात धुऊन आलो. पिशवीत हात घातला, वहीवर बोटं टेकली. तेवढ्यात अक्काच म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू? तू त्या हापीसना शे, तुले मालूम ऱ्हाई. जागा मोकळी शे, हाई लिखनारा कोन व्हता?"

माझी बोटं वहीवरच होती.

"माले त्याले बोलनं नही आते. एकडाव देखनं व्हतं, बस."

समोर बसलेल्या माणसाला बघायचं आहे म्हणून त्या मलाच विचारत होत्या. यापेक्षा सोपी वेळ कोणाला मिळते? वाक्यं तयार, वही हातात, बोली घरची. आणि मी म्हणालो, "खूप जुनं झालं अक्का. असेल कोणीतरी मोजणीवाला." पुन्हा तीच कचेरीची मराठी, आपोआप.

अक्का म्हणाल्या, "घाईमा व्हई बिचारा. दोर वळतांना देखेल नशी त्यानी कव्हय."

मी वही पिशवीतच ठेवली आणि शेवटच्या बसची सबब सांगून उठलो. दुपारचे तीन वाजले होते.

पुन्हा जाईन असं ठरवलं होतं. पोळ्याच्या आधी जाईन, असं मनाशी पक्कं केलं होतं. पोळ्याच्या आठ दिवस आधी सुनेचा फोन आला, अक्का गेल्या. गंधमुक्तीला गेलो. सतरंजीवर बसलो, चहा घेतला. सून म्हणाली, "आई तुम्हनी खुर्चीनी गोष्ट सगळासले सांगे." मी मान हलवली. तिला तरी सांगावं असं मनात आलं, पण ती माफी तिची नव्हती.

आखाजीला बसमध्ये जुळवलेली वाक्यं अजून पाठ आहेत. ती इथे लिहून ठेवतो.

अक्का, तो लिखनारा मीच शे. घाईमा नव्हतू. दोर वळतांना मी देखेल व्हता, न्हानपने, मन्हा आबासंगे. जागा मोकळी नव्हती. दोन्ही टोकाले खुंट व्हतात, त्या मी देखात, वहीमा लिखात बी. मंग कागदवर लिखात नही. माले माफ कर.